जाक रुएफ: सोन्याचा आग्रह धरणारा माणूस बरोबर होता का?

ताळेबंद
नमस्कार मंडळी,

केन्स, हायेक, फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांवर इथे बरेच धागे निघालेत. जाक रुएफवर मात्र एकही दिसला नाही. गेले काही महिने या फ्रेंच अर्थतज्ज्ञाविषयी मिळेल ते वाचतोय आणि मनात एक प्रश्न घर करून बसलाय. तो विचारण्याआधी थोडी ओळख.

जन्म १८९६, पॅरिस. पहिल्या महायुद्धात सैन्यात, मग एकोल पॉलितेक्निक, १९२३ मध्ये अर्थखात्यात वित्त निरीक्षक. १९२६ च्या जुलैत फ्रँक कोसळत होता. महायुद्धाआधी पाउंडाला २५ फ्रँक पडत, आता २४० पडायला लागले होते. प्वँकारे पंतप्रधान झाले आणि त्यांच्या कार्यालयात या तीस वर्षांच्या निरीक्षकाकडे एक काम आलं: फ्रँक कोणत्या भावाला थांबवायचा ते सांग. देशाभिमानी मंडळींना जुना भाव परत हवा होता. त्यांच्या आधी वर्षभर ब्रिटनमध्ये तेव्हाचा अर्थमंत्री चर्चिलने तेच केलं होतं, पाउंड ४.८६ डॉलरच्या जुन्या भावाला नेऊन बांधला आणि तिथले कारखाने, खाणी आणि मजुरी सगळ्यांवर संक्रांत आली. रुएफने प्रश्नच वेगळा मांडला. कोणत्या भावाला थांबलो तर देशात कोणाची मजुरी कापावी लागणार नाही? त्याने किमती आणि मजुरीचे आकडे घेऊन हिशेब केला. फ्रँक १२४ च्या आसपास स्थिरावला आणि जून १९२८ मध्ये कायद्याने सोन्याशी बांधला गेला, युद्धापूर्वीच्या फ्रँकच्या एक पंचमांश किमतीला.

पुढे जिनिव्हात राष्ट्रसंघाचं काम, १९३० ते १९३४ लंडनच्या फ्रेंच वकिलातीत वित्तीय अधिकारी, मग पॅरिसमध्ये कोषागाराची सूत्रं, १९३९ मध्ये बँक ऑफ फ्रान्सचा उपगव्हर्नर. १९४१ मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीच्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे ते पद गेलं. युद्धानंतर नुकसानभरपाईच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अध्यक्ष, १९५२ पासून दहा वर्षं युरोपीय न्यायालयात न्यायाधीश. १९५८ मध्ये पुन्हा सत्तेवर आलेल्या द गॉलच्या सांगण्यावरून आर्थिक सुधारणांची योजना. १९६४ मध्ये फ्रेंच अकादमीत लेखक झाँ कोक्तोच्या जागेवर निवड. १९७८ मध्ये निधन.

या सगळ्या काळात एक गोष्ट त्याने सोडली नाही: चलन सोन्याला बांधलेलं हवं आणि बाजाराच्या किमतींना हात लावू नये.

त्याचा मुख्य राग सुवर्ण-विनिमय परिमाणावर होता, म्हणजे सोन्याबरोबर परकीय चलनही राखीव धरणाऱ्या पद्धतीवर. खऱ्या सुवर्णपरिमाणात ज्या देशाची आयात निर्यातीपेक्षा जास्त, त्याचं सोनं बाहेर जातं, तिथला पतपुरवठा आटतो, मागणी कमी होते आणि तूट भरून येते. १९२२ च्या जेनोआ परिषदेनंतर आणि पुढे १९४४ च्या ब्रेटन वुड्स चलन परिषदेनंतर सोन्याच्या जागी पाउंड आणि डॉलर हेही राखीव म्हणून चालू लागले. मग काय व्हायचं? अमेरिकेची तूट असली तरी ती डॉलरमध्ये भागवायची. ते डॉलर फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेकडे यायचे, त्यांच्या आधारावर पॅरिसमध्ये फ्रँक निघायचे, आणि तेच डॉलर त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये ठेव म्हणून परत जायचे. पैसा एकाच वेळी दोन्हीकडे. अमेरिकेला तूट जाणवतच नाही. रुएफ म्हणायचा, माझ्या शिंप्याने मी दिलेले पैसे त्याच दिवशी मला उसने परत द्यायचे कबूल केलं, तर त्याच्याकडे आणखी कपडे शिवायला माझी काहीच हरकत नसेल.

माझा प्रश्न: १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, त्याचं निदान बरोबर होतं हे त्याने दाखवलं असं बहुतेक जण मानतात, पण औषध (सोनं) चुकीचं असं म्हणतात. निदान घ्यायचं आणि औषध टाकायचं, असं करता येतं का? मला वाटतं नाही येत. तुम्हाला काय वाटतं?

कोरा_चेक
त्या शिंप्याचा पत्ता मिळेल का? दिवाळी जवळ आलीय.

पिंपळपान
वाचतेय. अर्थशास्त्रातलं मला फार कळत नाही, पण ‘मजुरी कापावी लागणार नाही’ हा भाग एकदम भिडला. सोन्यावाली माणसं कठोर असतात अशी माझी समजूत होती.

खडू_फळा
लेख छान, पण एवढा गोड रुएफ मला मान्य नाही. महाविद्यालयात बरीच वर्षं हा विषय शिकवलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

याच रुएफने १९२५ आणि १९३१ मध्ये इंग्लंडमधल्या बेकारीवर लेख लिहिले. त्याचा निष्कर्ष असा की बेकारभत्त्यामुळे मजुरी खाली येत नाही आणि म्हणून बेकारी टिकून राहते. आकडे त्याने नीट मांडले होते, वाद त्याचा अर्थ काय लावायचा यावर. किमती पडत असताना मजुरी तेवढी पडली नाही हे खरं. पण किमती का पडत होत्या? कारण पाउंड चुकीच्या भावाला सोन्याशी बांधला होता! म्हणजे एका ठिकाणी दोष सोन्याच्या बांधणीचा आणि शिक्षा भत्ता घेणाऱ्या मजुराला. फ्रान्ससाठी १९२६ मध्ये त्याने जे शहाणपण दाखवलं, ते इंग्लंडच्या बाबतीत मजुराला सांगितलं नाही.

दुसरं. जागतिक मंदीच्या काळात जे देश सोन्यापासून आधी सुटले ते आधी सावरले. ब्रिटन सप्टेंबर १९३१ मध्ये सुटला, फ्रान्स सप्टेंबर १९३६ पर्यंत चिकटून राहिला आणि मंदी तिथे सर्वांत लांबली. आर्थिक इतिहासकार बॅरी आयकेनग्रीनने हे नीट दाखवलंय. शिवाय १९२८ नंतरच्या चार वर्षांत जगातल्या राखीव सोन्यातला मोठा हिस्सा फ्रान्सने स्वतःकडे ओढला आणि इतरांना टंचाई केली. रुएफच्या नियमाप्रमाणे सोनं आलं की देशात पैसा वाढायला हवा, किमती चढायला हव्यात. तसं फ्रान्समध्ये पुरेसं झालं नाही. म्हणजे यंत्र आपोआप चालतं हा त्याचा दावा त्याच्याच देशात खोटा ठरला.

तेव्हा औषध टाकून निदान घेण्यात मला काहीच अडचण दिसत नाही.

ताळेबंद
खडू_फळा सर, तुमच्याकडून असाच प्रतिसाद हवा होता.

मजुरीचा मुद्दा वजनदार आहे. पण १९२५ मध्ये जुना भाव निवडण्याची चूक ब्रिटिश सरकारची. रुएफने तो भाव सुचवला नव्हता. एकदा तो भाव ठरल्यावर मजुरी हलत नसेल तर बेकारी होणार, एवढंच तो म्हणत होता.

फ्रान्सच्या सोन्याबद्दल: १९२० च्या दशकात जेनोआमुळे जी पत फुगली ती दोन देशांत एकाच वेळी फुगली, आणि १९२९ नंतर जेव्हा मध्यवर्ती बँकांनी पाउंड नको, सोनं द्या म्हणायला सुरुवात केली तेव्हा तेवढीच ती आकसली. मंदीची खोली त्यातून आली असं त्याचं म्हणणं. १९३१ मध्ये तो लंडनमध्येच होता. पाउंड पडल्यावर बँक ऑफ फ्रान्सला स्टर्लिंगच्या साठ्यावर मोठा तोटा झाला. कागद राखीव म्हणून ठेवला की काय होतं हे त्याने जवळून पाहिलं.

निळी_शाई
या धाग्यावर अजून बाबासाहेब कसे आले नाहीत?

१९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ काढलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा त्यांचा प्रबंध. त्यात नेमका सुवर्ण-विनिमय परिमाणावरच हल्ला आहे. समोर कोण? केन्स! केन्सने १९१३ मध्ये भारतीय चलनावर पुस्तक लिहून या पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांचं म्हणणं असं की रुपया किती काढायचा हे जोवर सरकारच्या मर्जीवर आहे तोवर त्याची क्रयशक्ती स्थिर राहणार नाही, आणि विनिमयाचा दर स्थिर दिसला म्हणून गरिबाचा रुपया स्थिर होत नाही. उपाय म्हणून त्यांनी सांगितलं की रुपये पाडणं पूर्ण बंद करा, सोन्याच्या नाण्यांसाठी टांकसाळ उघडा, दोघांचं प्रमाण ठरवा आणि दोन्ही चलनात राहू द्या, पण सरकारने एकाच्या बदल्यात दुसरं देण्याची हमी घेऊ नये. भारतीय चलनावरच्या १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली.

या पुस्तकाची प्रस्तावना त्यांच्या शिक्षकाने, एडविन कॅनन यांनी लिहिली. हे कॅनन स्वतः बाजारवादी आणि सोन्याचे कट्टर पुरस्कर्ते. तरी त्यांनी प्रस्तावनेत सरळ लिहिलंय की या पद्धतीबद्दलचा आंबेडकरांचा विरोध मला पटत नाही, पण त्यांच्या विचारांत ताजेपणा आहे. शिष्याशी मतभेद असूनही प्रस्तावना लिहिणारा गुरू, हे मला फार मोलाचं वाटतं.

अनुजा_प
निळी_शाई, +१. पण जपून. बाबासाहेब आणि रुएफ एकाच गोष्टीवर टीका करतायत असं वाचकाला वाटेल, आणि ते तितकं खरं नाही. रुएफची तक्रार दोन देशांमधल्या तुटीची आहे, तूट असलेल्या देशाला चटका बसत नाही ही. बाबासाहेबांची तक्रार देशांतर्गत आहे, सरकारच्या हातातल्या अमर्याद अधिकाराची. शिवाय बाबासाहेबांना रुपयाची सोन्यात परिवर्तनीयता नको होती, मर्यादा हवी होती. रुएफला परिवर्तनीयता हाच प्राण वाटत होता.

निळी_शाई
अनुजाताई, फरक मान्य. पण मुळाशी काय आहे ते बघा. दोघांनाही चलनाची दोरी कोणाच्या मर्जीच्या हातात द्यायची नाहीये. आणि बाबासाहेबांनी हा विचार करताना शेतकरी आणि मजूर डोळ्यांसमोर ठेवला, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं. आपल्याकडे त्यांच्या अर्थशास्त्राकडे लोक वळतच नाहीत, याचा मला मनापासून त्रास होतो. राज्यघटनेइतकंच हेही वाचलं गेलं पाहिजे.

सराफकट्टा
मंडळी, हे सगळं ठीक, पण सोनं आता घ्यावं की थांबावं?

कोरा_चेक
सराफकट्टा राव, तुमच्या नावाच्या माणसाने हा प्रश्न आम्हाला विचारायचा?

ताळेबंद
सराफकट्टा, गुंतवणुकीचा सल्ला या धाग्यावर नको, त्यासाठी वेगळा धागा आहेच. रुएफही सोन्याचा भाव वाढावा म्हणून सोनं मागत नव्हता. (खरं तर भाव वाढवा असं म्हणत होता, पण त्याचं कारण पुढे येईल.)

ल्यॉनकर
अकरा वर्षं ल्यॉनमध्ये राहतो, म्हणून १९५८ बद्दल थोडं.

इथल्या शाळकरी मुलांनाही ‘नवा फ्रँक’ माहीत असतो. १ जानेवारी १९६० पासून शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक झाला. तो रुएफच्या योजनेचा सर्वांत दिसणारा भाग. जुनी एक आणि दोन फ्रँकची हलकी ॲल्युमिनियमची नाणी रद्द केली नाहीत, ती एक आणि दोन साँतिम (फ्रँकचा शंभरावा भाग) म्हणून चालू ठेवली. नव्या एक फ्रँकच्या नाण्यावर बी पेरणारी बाई आली, महायुद्धाआधीच्या चांदीच्या नाण्यावर होती तीच. लोकांना वाटलं पाहिजे की तो जुना भक्कम फ्रँक परत आलाय. माझी घरमालकीण नव्वदीच्या आसपासची आहे. युरो येऊन इतकी वर्षं झाली तरी घराची किंमत सांगताना ती जुन्या फ्रँकमध्ये सांगते. आकडा ऐकला की मी प्रत्येक वेळी दचकतो, मग ती हसते आणि आधी शंभराने भाग, मग साडेसहाने भाग, असं समजावते.

त्या योजनेत फक्त नाणी नव्हती. डिसेंबर १९५८ च्या शेवटच्या आठवड्यात एकदम सगळं जाहीर झालं: फ्रँकचं साडेसतरा टक्क्यांचं अवमूल्यन, अनुदानांना कात्री, करवाढ आणि पश्चिम युरोपशी होणाऱ्या व्यापारातले सुमारे ९० टक्के निर्बंध मोकळे. चार दिवसांनी युरोपच्या सामाईक बाजारपेठेचे पहिले आयातकर उतरणार होते. फ्रान्स त्यात टिकणार नाही अशी सगळ्यांना धास्ती होती.

आणखी एक. युरोप होईल तो चलनातून होईल, नाहीतर होणारच नाही, हे त्याचं वाक्य इथे युरोच्या प्रत्येक चर्चेत निघतं.

पिंपळपान
ल्यॉनकर, घरमालकीणबाई आवडल्या!

मुंबई_गोदी
अवांतर वाटेल, पण रुएफने जे सांगितलं ते आपण भोगलंय, तेही त्याच्या प्रसिद्ध लेखांच्या वीस वर्षं आधी.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातून सैन्यासाठी धान्य, कापड, पोलाद, सगळं उचललं. पैसे कसे दिले? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर स्टर्लिंग जमा केलं. त्या स्टर्लिंगच्या आधारावर इथे रुपयाच्या नोटा छापल्या. स्टर्लिंग लंडनमध्येच ब्रिटिश रोख्यांत गुंतलेलं. म्हणजे रुएफच्या शिंप्याची गोष्ट हुबेहूब. नोटा इथे कित्येक पट वाढल्या, वस्तू युद्धावर गेल्या, महागाईने सामान्य माणसाचं कंबरडं मोडलं. बंगालच्या दुष्काळामागच्या कारणांत हेही एक. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पाउंड देणं लागत होतं.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. भारताने तिथे मागणी केली की या साठ्यातला काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत इतर चलनात बदलून मिळावा. ब्रिटनच्या बाजूने केन्स बसले होते. हा दोन देशांमधला प्रश्न आहे आणि ब्रिटन आपली देणी सन्मानाने फेडेल, असं सांगून ती मागणी बाजूला सारली गेली. त्या शिष्टमंडळाला काय वाटलं असेल, याचा विचार आला की आजही चीड येते.

खडू_फळा
मुंबई_गोदी, उत्तम उदाहरण. पण मग दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३१ नंतर काय झालं? शेतमालाचे भाव अर्ध्यावर आले. रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला, तो हलवायला सरकार तयार नाही. सारा आणि सावकाराचं देणं मात्र तेवढंच. शेतकऱ्याने बायकोच्या अंगावरचं सोनं मोडलं. ते सोनं मुंबईच्या बाजारात आलं आणि मुंबई बंदरातून बाहेर गेलं, कोट्यवधी रुपयांचं. त्याला त्या काळी ‘डिस्ट्रेस गोल्ड’ म्हणत. भाव पडू द्या, बाजार आपोआप सावरेल, असं म्हणणाऱ्याने त्या मोडलेल्या पाटल्यांकडे बघावं. रुएफच्या यंत्रात तूट भरून येते ती कोणाच्या तरी घरातून.

मुंबई_गोदी
सर, हे मात्र खरं. माझ्या पणजीच्या गोठ-पाटल्या तेव्हाच गेल्या असं आजी सांगायची.

अनुजा_प
खडू_फळा सर, पण १९३१ चा रुपया सोन्याशी नाही, स्टर्लिंगशी बांधलेला होता. ब्रिटनने सोनं सोडल्यावरसुद्धा! ते सुवर्णपरिमाणाचं पाप नव्हे, ते साम्राज्याचं.

खडू_फळा
अनुजा, स्टर्लिंगबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत घसरला, म्हणून तर सोन्याचा रुपयातला भाव चढला आणि लोकांना विकावंसं वाटलं. पण जगभर शेतमाल पडला तो १९२९ पासून, आणि त्यामागे सोन्याच्या बेड्या होत्याच. दोन्ही पापं एकत्र होती, असं म्हणू.

तळटीप
जरा केन्सकडे येऊ. रुएफ आणि केन्स यांची गाठ पहिल्यांदा १९२९ मध्ये पडली, पहिल्या महायुद्धाबद्दल जर्मनीने द्यायच्या नुकसानभरपाईवरून. केन्सचं म्हणणं, जर्मनी कर वसूल करील, पण ते पैसे परकीय चलनात बदलून देशाबाहेर पाठवणं त्याला जमणार नाही. स्वीडिश अर्थतज्ज्ञ ओहलिन आणि रुएफ दोघांनी इकॉनॉमिक जर्नलमध्ये उत्तर दिलं: क्रयशक्ती एका देशातून दुसऱ्याकडे गेली की मागणी सरकते आणि व्यापार त्यामागे जातो. १९४७ मध्ये रुएफने केन्सच्या रोजगारसिद्धांतावर मोठा टीकालेख लिहिला, त्याला उत्तर तरुण अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिनने दिलं. १९२९ च्या वादात रुएफचं पारडं जड होतं असं मला वाटतं. १९४७ चा वाद त्याने हरला.

आणि ट्रिफिनला विसरू नका. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ट्रिफिनने १९६० मध्ये हाच रोग ओळखला: जगाला डॉलर हवेत म्हणून अमेरिकेने तूट चालवायची, आणि तूट चालवली की डॉलरवरचा विश्वास जायचा. पण त्याचं औषध रुएफच्या नेमकं उलटं होतं, जगाने मिळून नवं राखीव चलन काढावं. त्यातूनच १९६९ मध्ये नाणेनिधीचे एसडीआर (विशेष उचल अधिकार) आले. तेव्हा ताळेबंद यांच्या प्रश्नाला उत्तर इतिहासातच आहे: निदान एक, औषधं दोन.

कोरा_चेक
आणि रुग्णाने दोन्ही घेतली नाहीत.

तळटीप
तेही खरंच!

ताळेबंद
तळटीप, ट्रिफिनचा मुद्दा चोख. पण एसडीआर आज जगाच्या राखीव निधीत किती? अगदी थोडे. ते औषध बाटलीतच राहिलं.

आता भाव वाढवण्याचं कारण. १९३४ मध्ये रूझवेल्टने सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर ठरवला. त्यानंतर युद्ध झालं, अमेरिकेतल्या किमती दुपटीहून जास्त झाल्या, सोनं तिथेच. रुएफ म्हणत होता, सोन्याकडे परतायचं तर भाव दुप्पट करा, नाहीतर १९२५ च्या चर्चिलसारखी सगळ्या जगाची मजुरी आणि किमती खाली ओढाव्या लागतील. वाढलेल्या किमतीमुळे अमेरिकेच्या सोन्यातून डॉलरची देणी फिटतील. खडू_फळा सरांना माझं हेच सांगणं आहे. १९२६, १९५८, १९६० चं दशक, तिन्ही वेळा या माणसाने जे पैसे छापले गेलेत ते छापले गेलेत असं मान्य करून नवा भाव सुचवला. आधी अवमूल्यन, मग बांधणी. १९२८ मध्ये रोख्यांवर जगणाऱ्या फ्रेंच मध्यमवर्गाची चार पंचमांश बचत बुडाली हे त्याने उघड कायद्यात लिहू दिलं. अशा माणसाला पोथीनिष्ठ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गोदातीर
द गॉलच्या ४ फेब्रुवारी १९६५ च्या पत्रकार परिषदेचं कोणी लिहिलं नाही. ती बघण्यासारखी आहे. उंच माणूस, समोर शेकडो पत्रकार, हातात कागद नाही, आणि विषय काय तर सोनं! सोन्याचा स्वभाव बदलत नाही, त्याला राष्ट्रीयत्व नाही, असं तो बोलत गेला. मागे विचार रुएफचा होता. त्याच काळात फ्रान्सने साठलेले डॉलर अमेरिकेला देऊन सोनं घेतलं आणि पॅरिसला आणलं. १९४९ च्या सुमारास अमेरिकेकडे २४ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचं सोनं होतं, १९७१ च्या उन्हाळ्यात ते दहा अब्जांच्या आसपास आलं. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सनने डॉलरच्या बदल्यात सोनं देणारी खिडकी बंद केली. तारीख आपल्या स्वातंत्र्यदिनाचीच.

रुएफचं ‘पाश्चात्त्यांचं चलनविषयक पाप’ हे पुस्तक त्याच वर्षी आलं. पंचाहत्तरीचा माणूस, दहा वर्षं सांगत होता ते डोळ्यांसमोर घडलं.

पिंपळपान
एक भाबडा प्रश्न विचारू का? हा माणूस बाजार मोकळा ठेवा म्हणतो आणि स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरीत. हे कसं?

ल्यॉनकर
पिंपळपान, भाबडा नाही, फ्रान्स समजून घ्यायचा तर हाच प्रश्न विचारावा लागतो. इथला उदारमतवादी हा बहुतेक वेळा सरकारी अधिकारीच असतो. रुएफचं म्हणणं असं होतं की बाजार हवेत उभा राहत नाही, त्याला कायदा, न्यायालय आणि भक्कम चलन लागतं, आणि हे सरकारनेच उभं करायचं. किंमत मात्र ठरवायची नाही. १९३८ मध्ये पॅरिसला अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमनच्या नावाने जी परिषद भरली, हायेक आणि मिझेस जिथे होते, तिथे हाही होता. १९५९-६० मध्ये लुई आर्मांबरोबर त्याने दुसरी समिती चालवली, बंदिस्त धंद्यांवरची. पॅरिसच्या टॅक्सी परवान्यांपासून औषधविक्रेत्यांपर्यंत कोणाकोणाला संरक्षण मिळतंय याची यादीच तिने मांडली. त्यातलं बरंचसं सरकारने गुंडाळून ठेवलं. टॅक्सीवाले आजही संपावर जातात.

सराफकट्टा
टॅक्सीवाले सगळीकडे सारखेच. बरं, माझा मूळ प्रश्न गंभीर होता. रिझर्व्ह बँक स्वतः सोनं साठवतेय, २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधून शंभर टनांच्या आसपास सोनं परत आणलं. मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत ठेवतात म्हणे. १९९१ मध्ये याच बँकेचं सोनं गहाण टाकायला विमानाने बाहेर नेलं होतं. मग रुएफ जिंकला का?

अनुजा_प
सराफकट्टा, राखीव निधीत सोनं ठेवणं आणि चलन सोन्याशी बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ मध्ये रशियाचे परदेशातले साठे गोठवले गेल्यावर बऱ्याच देशांना आपलं सोनं आपल्या घरात असावं असं वाटू लागलंय. ते सुरक्षेसाठी. रुएफला सोनं हवं होतं ते तूट असलेल्या देशाला आवर घालण्यासाठी. त्या अर्थाने आज एकही देश त्याच्या वाटेवर नाही.

खडू_फळा
बरोबर. आता मूळ प्रश्नाकडे. ताळेबंद, तुमच्याच लेखातून माझं उत्तर निघतं. रुएफच्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी काम कोणतं? १९५८ ची योजना. तिच्यात सोनं कुठे होतं? अवमूल्यन, खर्चाला कात्री, व्यापार खुला. युद्धातून परतलेल्या माजी सैनिकांचं निवृत्तिवेतनसुद्धा त्यात कापलं आणि मोठा गहजब झाला. हे सगळं ब्रेटन वुड्सच्या चौकटीत, डॉलरच्या जगात झालं आणि फ्रान्स सावरला. म्हणजे सोन्याशिवायही शिस्त लावता येते. लावणारं सरकार हवं.

ताळेबंद
सर, मुद्दा इथेच आला याचा आनंद आहे, कारण १९५८ नंतरची पुढची चार-पाच वर्षं बघितली की माझं म्हणणं स्पष्ट होतं. योजना यशस्वी झाली म्हणून फ्रान्सकडे वाढावा आला. वाढावा आला तो डॉलरमध्ये. त्या डॉलरच्या आधारावर फ्रँक निघाले आणि ज्या महागाईला १९५८ मध्ये मोठी किंमत मोजून आवरलं होतं ती १९६२-६३ पर्यंत पुन्हा डोकं वर काढू लागली. १९६३ मध्ये सरकारला परत स्थिरीकरणाची योजना आणावी लागली. रुएफचे सुवर्ण-विनिमय परिमाणावरचे ते गाजलेले लेख १९६१ चे आहेत, ते इथून निघाले. एका देशाने घरात शिस्त लावली तरी शेजारच्या राखीव चलनाच्या देशाला शिस्त नसेल तर ती टिकत नाही. माजी सैनिकांनी जी झळ सोसली ती वाया जाताना तो बघत होता. म्हणून तो सोन्यावर ठाम राहिला.

खडू_फळा
आणि मे १९६८? विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले, किमान वेतन एका फटक्यात ३५ टक्के वाढवावं लागलं. न्यूयॉर्कहून आणलेल्या सोन्यातलं पुष्कळ सोनं त्यानंतरच्या काही महिन्यांत फ्रँक वाचवण्यात गेलं. नोव्हेंबरात द गॉलने अवमूल्यनाला नकार दिला, तो पायउतार झाल्यावर ऑगस्ट १९६९ मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष पॉम्पिदूने ते केलंच. सोन्याची शिस्त पाळायला लोकांची तयारी नसेल तर सोनं काय करणार?

ताळेबंद
याचं उत्तर रुएफने त्या वर्षीही बदललं नाही, आणि माझ्याकडेही वेगळं नाही: १९६८ च्या पगारवाढीचं बिल कोणी द्यायचं हे सोन्याने दोन-चार महिन्यांत समोर आणलं. डॉलरच्या तुटीचं बिल समोर यायला तेरा वर्षं लागली. लोकांना ठरवायचा हक्क आहेच, सर. पण ठरवण्याआधी बिल दिसायला हवं.

खडू_फळा
दिसतं, पण ते आधी मजुराच्या हातात दिसतं. इथे आपलं जमणार नाही.

निळी_शाई
सर, ताळेबंद, हा वाद असाच चालू ठेवा. मी ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मधली सोन्याच्या टांकसाळीबद्दलची पानं मराठी करायला घेतली आहेत. शनिवारपर्यंत इथेच टाकतो.